कॉम्प्युटरवरचा आवाज रेकॉर्ड केला की डब्यातून आल्यासारखा का येतो?

"ऐकताना झ्याक येतंय वो, खरं रेकॉर्ड केलेलं लावलं की डब्यातनं बोलल्यागत!"

बेळगावच्या शहापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ही तक्रार तिथे महिन्यातून दोन-तीनदा तरी येते. (आमच्या बोलीत 'खरं' म्हणजे 'पण', हे पलीकडच्या वाचकांसाठी.) कधी खानापूरकडच्या शिक्षकांना एखादं ऑनलाइन व्याख्यान परवानगी घेऊन जपून ठेवायचं असतं. कधी कडोलीच्या भजनी मंडळातल्या काकांना स्वतःच्याच मंडळाचं थेट प्रक्षेपण हवं असतं. निपाणीची एक मुलगी तर आईनं परदेशातल्या नातवाला व्हिडिओ कॉलवर सांगितलेल्या गोष्टी घेऊन आली होती. येतानाच प्रत्येकानं ठरवलेलं असतं की सॉफ्टवेअर खराब आहे, आणि दोन-तीन बदलूनही झालेली असतात. दोष बहुतेक वेळा तिथे नसतो. रेकॉर्डर समोर येईल ते उतरवून घेतो, आणि आवाज त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच बिघडलेला असतो.

मला हे स्वतःचं नुकसान झाल्यावर उमगलं. माझी मावशी जांबोटीजवळच्या एका खेड्यात राहते. जात्यावरच्या ओव्या तिला अजून तोंडपाठ आहेत. पावसाळ्यात तिकडे जाणं जमेना, म्हणून तिच्या नातवाच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावला आणि इकडे लॅपटॉपवर चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं. माझ्या कानाला ब्लूटूथ हेडसेट होता. रात्री ऐकायला बसलो तर 'स' आणि 'फ' सारखेच वाटत होते आणि जात्याची घरघर जवळजवळ गायब झाली होती. मराठीत 'च' दोन आहेत, एक 'चार'मधला आणि एक 'चाक'मधला. त्यांच्यातला फरक कानाला कळतो तो बराचसा वरच्या पट्टीतल्या सिसकाऱ्यावरून, आणि तोच भाग कापला गेला होता. सीमाभागातल्या बोलीचा हेल कागदावर उतरत नाही, तो आवाजातच राहतो. ती ठेव मी माझ्याच हातानं खराब करून ठेवली होती. मावशीला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "मग ते सगळं परत म्हणायचं होय?"

तेव्हापासून मी एक पद्धत धरली आहे. आवाज कुठल्या टप्प्यावर बिघडतो ते सापडल्याशिवाय एकही सेटिंग हलवायचं नाही. टप्पे फार नाहीत. पलीकडचा माइक आणि इंटरनेट, मग तुमचा ब्राउझर किंवा प्लेअर, मग विंडोजचा मिक्सर, मग स्पीकर किंवा हेडफोनचं डिव्हाइस, त्यानंतर रेकॉर्डर आणि शेवटी फाइल.

आधी टाळी, मग तानपुरा

पहिली चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे. रेकॉर्डिंग सुरू करा, कॉम्प्युटरवर काहीतरी वाजत ठेवा आणि लॅपटॉपजवळ एक टाळी वाजवा. टाळी रेकॉर्डिंगमध्ये आली, तर तुम्ही कॉम्प्युटरचा आवाज घेतच नाही आहात. स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज लॅपटॉपचा माइक पुन्हा ऐकतो आहे. त्यात खोलीचा घुमारा आला, पंखा आला, गल्लीतली रिक्षा आली. शिवाय लॅपटॉपच्या माइकवर गोंगाट कमी करणारी प्रक्रिया चालू असते. ती संगीताला गोंगाट समजते आणि मध्येच दाबते. दुकानात येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या इथेच संपतात असा माझा अनुभव आहे.

यावर उपाय म्हणजे आवाज आतल्या आत पकडायचा. विंडोजवर ऑडॅसिटी (रेकॉर्डिंगचं मोफत सॉफ्टवेअर) वापरत असाल तर 'ऑडिओ सेटअप'मध्ये होस्ट (आवाज पोचवायची विंडोजची व्यवस्था) म्हणून 'विंडोज वासापी' निवडा. मग रेकॉर्डिंग डिव्हाइसच्या यादीत तुमच्या स्पीकरचं किंवा हेडफोनचं नाव आणि त्यापुढे 'लूपबॅक' (म्हणजे स्पीकरकडे जाणारा आवाजच रेकॉर्डरला देणं) असं दिसेल. ते निवडा आणि चॅनेल स्टिरिओ ठेवा. होस्ट 'एमएमई' असेल तर लूपबॅक यादीत येतच नाही, आणि बरेच जण तिथेच अडतात. जुन्या मशीनवर 'स्टिरिओ मिक्स' हा दुसरा मार्ग आहे. साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये रेकॉर्डिंग टॅबवर मोकळ्या जागी राइट क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हाइसेस' केलं की तो दिसतो, आणि मग चालू करता येतो. साउंड कार्डाच्या ड्रायव्हरनं तो दिलेला असेल तरच, हे मात्र लक्षात असू द्या. दोन्ही मिळत असतील तर मी लूपबॅकच घेतो, कारण त्यात आवाज डिजिटल रूपातच मिळतो.

लूपबॅकची एक खोड आधीच सांगतो, नाहीतर लोक घाबरतात. कॉम्प्युटरवर काहीच वाजत नसेल तर रेकॉर्डिंग पुढे सरकत नाही, जागीच थांबतं. हा बिघाड नाही. आवाज सुरू झाला की तेही चालू लागतं.

दुसरी चाचणी तानपुऱ्याची. मी लॅपटॉपवर मिरजेच्या एका चांगल्या तानपुऱ्याची दोन मिनिटांची फाइल ठेवली आहे. बोलण्यात किंवा गाण्यात चढउतार असतात, त्यात दोष लपतो. तानपुरा एकसारखा चालतो. मध्ये बारीक तुटलं तरी कानाला लागतं, मागे गुणगुण असली तर उघडी पडते, आणि वरच्या पट्ट्या कापल्या गेल्या की जवारीच (तारांचा झंकार) मरते, नुसता 'घूं घूं' उरतो. फाइल वाजवा, रेकॉर्ड करा, मग दोन्ही त्याच वायरवाल्या इअरफोनवर पाठोपाठ ऐका. इथे तानपुरा स्वच्छ आला तर तुमचं मशीन आणि रेकॉर्डर निर्दोष आहेत. मग दोष पलीकडून येणाऱ्या आवाजात शोधायचा.

डब्यातला आवाज: बहुतेक वेळा ब्लूटूथ

यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त रेकॉर्डिंगं यानंच बिघडवली आहेत आणि सगळ्यात शेवटी संशय यावरच येतो.

साध्या ब्लूटूथ हेडसेटला दोन कामं दोन वेगळ्या पद्धतींनी करावी लागतात. नुसतं ऐकायचं असेल तर तो 'ए-टू-डी-पी' पद्धत वापरतो. त्यात आवाज स्टिरिओ आणि भरदार येतो. त्याचा माइक सुरू झाला की मात्र त्याला 'हँड्स-फ्री' पद्धतीवर जावं लागतं, कारण पहिल्या पद्धतीत माइकला वाटच नसते. हँड्स-फ्रीमध्ये आवाज मोनो होतो आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती वेळा नोंद होते तो आकडा) ८,००० हर्ट्झवर येतो, जरा बऱ्या हेडसेटमध्ये १६,००० वर. सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतचीच कंप्रता टिकते हा डिजिटल आवाजाचा नियम आहे. म्हणजे ८,००० वर ४,००० हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. 'स', दंत्य ('चाक'मधला) 'च', टाळ-चिपळ्यांचा खणखणाट हे सगळं मुख्यतः त्याच्या वरच राहतं.

फसवणूक होते ती अशी. हेडसेटवर गाणं ऐकताना आवाज छान असतो. मग तुम्ही कॉल जोडता, किंवा रेकॉर्डर उघडता आणि तो आपसूक हेडसेटचा माइक निवडतो. त्या क्षणी हेडसेट हँड्स-फ्रीवर जातो आणि तुमच्या कानातला आवाजही बसतो. कॉलवर बोलण्याच्या नादात ते लक्षात येत नाही. लूपबॅकनं त्याच डिव्हाइसचा आवाज पकडत असाल तर तो बसका आवाजच फाइलमध्ये उतरतो.

डोळ्यांनी खात्री करता येते. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतून 'स्पेक्ट्रोग्राम' (कुठल्या कंप्रतेला किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र) निवडा. ४,००० किंवा ८,००० हर्ट्झच्या वर सुरीनं कापल्यासारखा सपाट अंधार दिसला तर समजा हेच झालं आहे. ते रेकॉर्डिंग कुठल्याही इक्वलायझरनं परत येणार नाही. ट्रेबल वाढवला तर नुसती खरखर वाढेल, कारण तिथे आवाज उरलेलाच नाही. माझ्याकडे लोक 'एआय'नं आवाज सुधारणारी ॲप्स वापरलेल्या फाइली आणतात. ती ॲप्स वरचा भाग अंदाजानं भरतात. प्रवचन समजून घ्यायला ते चालेल, पण बोलीचा उच्चार जपायचा असेल तर मी ते वापरू देणार नाही. तो 'च' मग त्या माणसाचा राहत नाही.

उपाय सोपा आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी वायरचा इअरफोन लावा. तो नसेल तर हेडसेट फक्त ऐकायला ठेवा आणि कॉलच्या ॲपमध्ये आणि विंडोजमध्येही माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. विंडोज १० वर 'डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स'मध्ये हेडसेटच्या प्रॉपर्टीजमधल्या 'सर्व्हिसेस' टॅबवर 'हँड्स-फ्री टेलिफोनी'ची खूण काढली की हा त्रास मुळातच बंद होतो. मग त्या हेडसेटचा माइक त्या मशीनवर चालणार नाही, एवढंच.

फाटलेला आवाज

डिजिटलमध्ये ० डेसिबल हे छत आहे, त्याच्या वर जागा नाही. लाटेचा माथा छताला लागला की सपाट कापला जातो, आणि कानाला तो भाग फाटका वाटतो. ऑडॅसिटीत 'व्ह्यू'मधून 'शो क्लिपिंग' चालू केलं की अशा जागी लाल रेघा येतात. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. बारीक आला तर नंतर वाढवता येतो, फाटलेला मात्र जुळत नाही.

लूपबॅकमध्ये ऑडॅसिटीचा रेकॉर्डिंगचा स्लायडर चालत नाही, म्हणून पातळी प्लेअरमध्येच ठरवावी लागते. इथे एक फसगत होते. व्हीएलसी प्लेअरचा आवाज १२५ टक्क्यांपर्यंत जातो, आणि आवाज बारीक येतोय म्हणून लोक तो वर ओढून ठेवतात. मग लाट रेकॉर्डरपर्यंत पोचायच्या आधीच फाटलेली असते. मीटर लालला शिवत नाही तरी आवाज फाटका, असं झालं तर हेच तपासा. प्लेअर १०० च्या वर नेऊ नका.

याच पठडीतला दुसरा त्रास म्हणजे आवाज आपोआप वरखाली होणं. हार्मोनियम थांबली की मागची खसखस फुगते आणि गायक सुरू झाला की दबते, हे 'लाउडनेस इक्वलायझेशन'चं काम. स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'एन्हान्समेंट्स' पूर्ण बंद करा. साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'कम्युनिकेशन्स' नावाचा एक टॅब आहे. कॉल सुरू झाला की बाकी आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचं, असं विंडोजनं तिथे आधीच ठरवून ठेवलेलं असतं. कॉल चालू असताना दुसरीकडची क्लिप वाजवून दाखवणाऱ्या शिक्षकांना याचाच फटका बसतो. तिथे 'डू नथिंग' निवडा.

कटकट आणि तुटणं

इथे एकच प्रश्न विचारायचा. कॉल चालू असताना तुमच्या कानाला तुटलेलं ऐकू आलं होतं का? आलं असेल तर दोष नेटवर्कचा आहे. यंत्रमानवासारखा घरंगळणारा आवाज हे त्याचं लक्षण. कॉलचं ॲप हरवलेले तुकडे अंदाजानं जोडत असतं, म्हणून तसा आवाज होतो. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात आषाढात हे ठरलेलंच. त्याला रेकॉर्डरकडे औषध नाही.

थेट ऐकताना स्वच्छ आणि फाइलमध्येच कटकट असेल तर तुमचं मशीन वेळेवर आवाज उतरवून घेऊ शकत नाही. लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की तो वीज वाचवायला वेग कमी करतो, आणि कटकट नेमकी तिथून सुरू होते. पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवा, ब्राउझरच्या वीस टॅब बंद करा, ऑडॅसिटीत बफर (आवाज क्षणभर साठवायची जागा) १०० मिलिसेकंदांवरून २०० करा. रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर किंवा आपोआप क्लाउडवर चढणाऱ्या फोल्डरमध्ये करू नका. आधी हार्ड डिस्कवर करा, मग हलवा.

सॅम्पल रेटचा घोळही कधी कधी याच रूपात दिसतो. साउंडच्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर डिव्हाइसचा रेट असतो. तो आणि ऑडॅसिटीतला प्रोजेक्ट रेट सारखा ठेवा. व्हिडिओसाठी ४८,०००, नुसत्या आवाजासाठी ४४,१००. कुठल्याही टप्प्यावर ४४,१०० ची फाइल ४८,००० म्हणून वाजली तर वेग आणि सूर दोन्ही सुमारे ९ टक्के चढतात, म्हणजे काळी एकमधला अभंग पांढरी दोनच्याही वर जातो. पेटीवाल्यांच्या हे लगेच ध्यानात येतं, इतरांना फक्त 'बुवा घाईत गाताहेत' असं वाटतं. १,९२,००० च्या मागे लागू नका. कॉलवरून आलेला आवाज त्यानं सुधारत नाही, डिस्क तेवढी भरते.

प्रतिध्वनी, गुणगुण आणि बाकी

प्रत्येक शब्द पुन्हा पुन्हा घुमत वाढत जात असेल तर ऑडॅसिटीतलं 'सॉफ्टवेअर प्लेथ्रू' बंद करा. त्यात रेकॉर्ड होणारा आवाज पुन्हा स्पीकरला जातो, लूपबॅक तो पुन्हा पकडतो, आणि हे चक्र चालूच राहतं.

काही जण हेडफोनच्या भोकातून वायर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात घालतात. डेस्कटॉपवर हे हिरव्यातून गुलाबीत जाणं झालं. माइकचं भोक मिलिव्होल्टमधल्या क्षीण आवाजासाठी असतं, त्यात हेडफोनचा जोर घातला की फाटणारच. लॅपटॉपच्या एकुलत्या एका भोकातला माइक तर मोनोच असतो. डेस्कटॉपवर निळं लाइन-इन असेल तर ते वापरा. वायर जोडल्यावर मागे 'हूं' असा सलग आवाज आला तर चार्जर काढून बॅटरीवर बघा. बॅटरीवर आवाज गेला तर तो दोन मशीनच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा, आपल्याकडे ५० हर्ट्झचा, गुणगुणाट आहे. दोन्ही मशीन एकाच बोर्डावर लावा, नाहीतर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (हा फेरा तोडणारं छोटं उपकरण) घाला. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. मी तशी काढलेली बघितली आहे. जिवाशी खेळ आहे तो.

मॅकवर ऑडॅसिटीनं आतला आवाज पकडायला 'ब्लॅकहोल'सारखा वेगळा ड्रायव्हर लागतो. लिनक्सवर रेकॉर्डिंगच्या यादीत 'मॉनिटर'नं सुरू होणारं डिव्हाइस घ्या, बाकी सगळं तसंच.

आणि सुरू करण्यापूर्वी नोटिफिकेशन बंद करा. लूपबॅक व्हॉट्सॲपची टिंगही इमानानं पकडतो.

फाइल ठेवताना वेव्ह किंवा फ्लॅक ठेवा, या दोन्हींत आवाज झिजत नाही. ४४,१०० आणि १६ बिटवर स्टिरिओ वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी घेते. एमपी-थ्री हवी असेल तर ती वेगळी प्रत म्हणून काढा. एमपी-थ्रीतून पुन्हा एमपी-थ्री काढली की दर वेळी थोडं झिजतं. व्हॉट्सॲपवरून पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशी आहे तशी पोचते.

मावशीच्या ओव्यांचं काय झालं

ब्लूटूथ काढून दुसऱ्यांदा कॉल केला तेव्हा 'स' परत आला, पण जातं आलंच नाही. तानपुऱ्याची चाचणी माझ्याकडे स्वच्छ होती, म्हणजे दोष पलीकडे होता. कॉलची ॲप्स माणसाचा आवाज ठेवून मागचा एकसारखा चालणारा आवाज कापतात. त्यांच्या लेखी जातं आणि पंखा सारखेच. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' असा पर्याय आहे. तो बोलणाऱ्याच्या बाजूला चालू करावा लागतो. हार्मोनियम, टाळ, मृदंग कॉलवरून ऐकायचे असतील तर तो हवाच. पण जांबोटीकडच्या नेटवर्कवर तेवढ्यावर भागण्यासारखं नव्हतं.

शेवटी आवाज तिकडेच उतरवून घेतला. नातवानं जात्यापासून दोन हातांवर घडी घातलेल्या वाकळेवर मोबाइल ठेवला, म्हणजे जमिनीतून येणारी थरथर थेट लागत नाही. त्यात वेव्ह फाइल करणारं साधं रेकॉर्डर ॲप चालू केलं. माझा कॉल दुसऱ्या मोबाइलवर होता. तो फक्त मावशीला समोर कुणीतरी ऐकणारं असावं म्हणून. माझ्याकडे कॉलवर पूर्वीसारखंच अर्धवट येत होतं. नातवानं संध्याकाळी फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली. २३ मिनिटं, मोनो, १२० एमबीच्या आसपास.

चाकातला 'च' आला होता, घरघर आली होती. पण मागे एक बारीक टकटक होती. मी ती बफरची कटकट समजून अर्धी रात्र लाटा मोठ्या करून बघत बसलो. बफरची कटकट कशीही, कुठेही येते. ही मात्र अगदी नेमानं येत होती, जात्याच्या दर फेऱ्याला एकदा. दुसऱ्या दिवशी नातवाला फाइल लावून मावशीला ऐकवायला सांगितलं. दोन ओव्या झाल्या आणि ती म्हणाली, "जात्याचा खुंटा सैल झालाय बघ. कवाधरनं वाजूलालाय."

नातवानं जाऊन हात लावून बघितला. खुंटा सैलच होता.